नांदेवरचा दोष काढून बागेतले तळे बुजवण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. सहायक आरोग्याधिकारी (हिवताप विभाग),
जयपूर.

अर्जदार : उमाकांत गोविंद सोहनी, शाखाधिकारी, विमा कार्यालय, राहणार सी-स्कीम, जयपूर.

विषय : राहत्या बंगल्याच्या बागेतील तळे ठेवावे की बुजवावे याबाबत खुलासा, आणि त्याच आवारातील माळ्याच्या खोलीवर लावलेला ठपका रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १० ऑक्टोबर १९६१.
२) अर्जदाराचे इंग्रजी अर्ज, दि. ७ ऑगस्ट व दि. २१ ऑगस्ट १९६१. (दोन्ही खोटे.)

महोदय,

१. आपल्या नोटिशीत अर्जदारास विचारले आहे की, गल्लीत हिवतापाचे रुग्ण पुन्हा आढळत असल्यामुळे आवारातील तळे अर्जदार ठेवणार आहे की बुजवणार आहे, ते पंधरा दिवसांत कळवावे. खाली दोन पर्याय छापलेले असून नको तो खोडायचा आहे. खोडण्याचे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. अर्जदाराला त्यासाठी सतरा दिवस लागले. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली, याची जाणीव आहे. विलंबाबद्दल क्षमा मागतो, आणि विलंब हा या अर्जातला सर्वांत लहान अपराध आहे हेही येथेच नमूद करतो.

२. हा अर्ज मराठीत लिहिण्याचे कारण असे. आपण मूळचे वर्ध्याचे आहात आणि मराठी वाचता, हे महाराष्ट्र मंडळाच्या यादीवरून अर्जदारास ठाऊक आहे. ओळखीचा फायदा घ्यावा असा हेतू नाही. उलट ओळख नसती तर बरे झाले असते. पण अर्जदाराचे आधीचे दोन्ही अर्ज इंग्रजीत आहेत. अठ्ठावीस वर्षे नोकरीत घालवल्यावर त्या भाषेत वाटेल ते सफाईने लिहिता येते, असा अर्जदाराचा स्वतःविषयीचा अनुभव आहे. दप्तरी लावण्यासाठी याच मजकुराचा हिंदी जबाब सोबत जोडला आहे. तो कोणीही वाचला तरी हरकत नाही.

३. येथून पुढे 'अर्जदार' हा शब्द सोडतो. त्याच्या आडून लिहिताना असे वाटू लागते की हे सारे दुसऱ्याच कोणी केले. मी केले आहे.

४. सांगलीहून बदली होऊन मी १९५७ साली जयपुरात आलो. बंगल्याच्या पुढे मोकळी जागा होती. त्या हिवाळ्यात माळी रामकरण याच्याकडून मी तेथे तळे खणून घेतले. लांबी चौदा हात, रुंदी आठ हात, खोली कमरेपर्यंत. काढलेल्या मातीचा शेजारीच टेकडा केला आणि त्यावर दगड रचले. कमळाचे कंद रामकरणने बस्सीजवळच्या आपल्या सासुरवाडीच्या तलावातून आणले. ओल्या पोत्यात गुंडाळून, सायकलला बांधून. दुसऱ्याच वर्षी फुले आली. या कोरड्या गावात दारात कमळे फुललेली पाहून लोक फाटकाशी थांबू लागले. गल्लीत मला 'तालाबवाले साहब' म्हणू लागले आणि मला ते आवडू लागले. चैत्रातले हळदीकुंकू तळ्याकाठी होई. कैरीची डाळ खाताना बायका म्हणत, जयपूर आहे असे वाटतच नाही. कार्यालयात मला कोणी विशेष ओळखत होते असे नाही. तळ्यामुळे ओळखू लागले. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने याहून मोठे कारण द्यायला हवे होते, पण दुसरे नाही.

५. माझी पत्नी सौ. मधुमती पहिल्या पावसाळ्यापासून सांगत होती, "यात डास होतात, हे बुजवा." मी तिला दर वर्षी निराळे उत्तर दिले. ती उत्तरे येथे देत नाही.

६. गेल्या एप्रिलमध्ये आपल्या विभागाने डासांच्या अळ्या खाणारे चाळीस मासे मला दिले होते. ते चांगले वाढले. जुलैमध्ये आमच्या कार्यालयाच्या मासिकासाठी तळ्याचा फोटो घ्यायचे ठरले. पाणी त्या दिवसांत शेवाळाने हिरवे झाले होते. फोटोत ते बरे दिसणार नाही म्हणून आदल्या दिवशी मी शेवाळ मारण्यासाठी मोरचुदाची पुरचुंडी बांधली आणि पाण्यातून चारही बाजूंनी ओढली. रामकरण म्हणाला होता, "साहब, मछली को लगेगा." मी त्याला गुलाबांना पाणी घालायला पाठवले. फोटो उत्तम आला. पाणी काचेसारखे दिसते. त्याच संध्याकाळपासून मासे वर येऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही उरला नाही. ते मी गोळा करून गुलाबाच्या आळ्यात पुरले. आपल्या कार्यालयात येऊन "मासे मेले, दुसरे द्या" एवढे म्हटले असते तर काम झाले असते. कसे मेले, हे कोणी विचारील म्हणून मी आलो नाही.

७. दि. ४ ऑगस्ट रोजी आपले निरीक्षक श्री. नंदकिशोरजी तपासणीला आले. त्यांनी लांब दांड्याच्या पळीने पाणी घेतले. त्यात अळ्या होत्या. त्यांनी मला पळी दाखवली आणि सभ्यपणे सांगितले, "मछली बढ़ाइए, नहीं तो भरवा दीजिए. दो हफ्ते बाद आऊँगा." त्यावर मी दि. ७ चा अर्ज लिहिला. मासे भरपूर असून अळ्या दिसणे हा योगायोग आहे, आणि असे तळे म्हणजे वस्तीचे भूषण आहे, असे त्यात म्हटले आहे. त्या अर्जाची भाषा चांगली आहे. तो कृपया पुन्हा वाचू नये.

८. पुढली तपासणी दि. १८ ऑगस्टला, शुक्रवारी होती. आदल्या संध्याकाळी मी बादलीभर पाणी काढून पाहिले. अळ्या मोजता येत नव्हत्या. तरीही मी सकाळी सहापासून नळाचे ताजे पाणी सोडून मधला भाग साफ केला, आणि पाण्याच्या जोराने साऱ्या अळ्या कमळाच्या पानांखाली लोटल्या. निरीक्षक आल्यावर त्यांना आधी चहा दिला. नंतर मी स्वतः त्यांना अशा बाजूला उभे केले की पळी मोकळ्या पाण्यातच पडावी. पळी स्वच्छ निघाली. "मासे दिसत नाहीत," असे ते म्हणाले. ऊन लागते म्हणून ते पानांखाली बसतात, असे मी सांगितले. त्यांनी विश्वास ठेवला. महोदय, या प्रकरणात श्री. नंदकिशोरजींची काही चूक नाही. एका शिकलेल्या, दुप्पट वयाच्या माणसाच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढेच. त्यांना याचा जाब विचारू नये.

९. आता जे लिहायचे आहे त्यासाठी मी हा कागद तीन वेळा फाडला आहे.

निरीक्षक जाता जाता म्हणाले की गल्लीत तीन घरांत ताप आहे, तेव्हा डास कुठे तरी होत असलेच पाहिजेत. येथे नाहीत, तर मग कुठे? हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. ते स्वतःशीच बोलत होते. मी गप्प बसलो असतो तर ते फाटकाबाहेर गेले असते. मी बंगल्याच्या मागे बोट दाखवले आणि म्हणालो, "पीछे माली की कोठरी है. उधर देख लीजिए, ये लोग पानी भरकर रखते हैं."

मागच्या खोलीत रामकरण आणि त्याची बायको केसर राहतात. केसरची एक शेळी होती. शेळीच्या पाण्यासाठी खोलीच्या दाराशी मातीची एक नांद होती. निरीक्षकांनी पळी घातली, तिच्यात तीन अळ्या आल्या. तीन. त्यांच्या माणसांनी नियमाप्रमाणे नांद पालथी केली. ती जुनी होती, फुटली. दोन घागरीही ओतून दिल्या. मग त्यांनी दारावर तांबड्या रंगाने फुली मारली, तारीख घातली, आणि केसरला सर्वांसमोर सांगितले की तुझ्यामुळे गल्लीत ताप आला आहे. शेजारच्या बंगल्यांतली नोकरमाणसे गोळा झाली होती. केसरला त्या वेळी सातवा महिना होता. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि हे पहिलेच होते. ती पदर ओढून खापऱ्या वेचत होती. मी व्हरांड्यातून पाहत होतो. मला सुटल्यासारखे वाटले.

१०. दि. २१ ऑगस्टच्या अर्जात मी आपल्या विभागाचे आभार मानले आहेत, 'नोकरांच्या खोलीत सापडलेले मूळ नष्ट केल्याबद्दल'. माझ्या तळ्याला पुढील तपासण्यांतून सूट मिळावी, अशी विनंतीही केली आहे.

११. दि. ५ सप्टेंबरला केसरला थंडी वाजून ताप आला. रक्तात हिवताप निघाला. चौथ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेले. सौ. मधुमती तिच्याबरोबर होती. १० तारखेला मुलगी झाली. ती रडली नाही.

दवाखान्यात केसर माझ्या पत्नीला म्हणाली, "बाईजी, मेरी नांद से हुआ." पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिली. रामकरणही तेच म्हणत होता. पंधरवड्याने तिचे वडील येऊन तिला बस्सीला घेऊन गेले. शेळीही नेली. रामकरण त्यांना पोचवायला गेला नाही. नंतर आणायलाही गेला नाही. तो रोज वेळेवर कामावर येई आणि तळ्यातली सुकलेली पाने काढी.

महोदय, आपण डॉक्टर आहात. कोणत्या डासाने कोणाला कुठे चावा घेतला हे सिद्ध करता येत नाही, असे आपण म्हणाल, आणि ते शास्त्राप्रमाणे खरेच असेल. मी स्वतःला तेच सांगून सप्टेंबर महिना काढला. ती सवलत आपण मला देऊ नये, ही विनंती.

१२. आपली नोटीस आली त्या दिवशी मी ती जेवणाच्या मेजावर ठेवली आणि म्हणालो, ठेवावे असे लिहितो, या हंगामात आता डास कमी होतील. सौ. मधुमतीने विचारले, "मासे कुठे आहेत?"

मी म्हणालो, "अळ्या नांदेत सापडल्या होत्या ना?"

ती म्हणाली, "मी नांदेचं विचारलं नाही. मासे कुठे आहेत ते विचारलं."

ती पुढे म्हणाली, "जुलैत तुम्ही गुलाबाचं आळं उकरत होतात. तुम्ही कधी खुरपं हातात धरत नाही. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं. त्या पोरीनं माझा हात धरून जे सांगितलं ते मी ऐकून घेतलं, तेही चुकलं. आता तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. पण मग मी या घरात राहून सांगणार नाही."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने असे कधी म्हटले नव्हते. मी तिच्या भीतीने कबूल झालो की लाजेने, ते मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही असावे.

१३. दि. १५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, मी बागेत जाऊन रामकरणला सारे सांगितले. मोरचूद, मासे, पानांखाली लोटलेल्या अळ्या, दाखवलेले बोट. तो वाफा खुरपत होता. माझे बोलणे होईपर्यंत खुरपतच राहिला. नंतर त्याने खुरपे मातीत उभे केले आणि विचारले, "बाईजी को मालूम है?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "तो अब केसर को बताइए. आप अपने मुँह से. मैं बोलूँगा तो मानेगी नहीं." त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला पुढचे सोपे गेले असते.

१४. त्यानंतरच्या रविवारी, दि. २२ रोजी, मी आणि रामकरण आग्रा रस्त्याच्या बसने बस्सीला गेलो. केसरच्या वडिलांचे घर गावाच्या कडेला आहे. त्यांनी मला खाटेवर बसवले, लोटाभर पाणी दिले. जयपूरहून साहेब आला म्हणून शेजारची माणसेही आली. त्यांना जायला सांगावे असे माझ्या मनात आले होते. पण फुली मारली तेव्हा केसरला सर्वांसमोरच ऐकावे लागले होते, म्हणून सांगितले नाही.

मी हिंदीत बोललो. माझी हिंदी कार्यालयाची आहे. तिचे वडील ते त्यांच्या बोलीत तिला सांगत होते. ती दाराच्या आत, घुंघट ओढून बसली होती. माझे झाल्यावर तिने एकच विचारले, "नांद में कीड़े थे कि नहीं?"

खोटे बोलण्याची मला इतकी सवय आहे की "नव्हते" हा शब्द तोंडाशी आला होता. मी म्हणालो, "थे. तीन." तळ्यात एका पळीत मोजता येणार नाहीत इतके होते, हेही सांगितले.

ती म्हणाली, "तीन तो थे."

मी पुन्हा समजावू लागलो, तेव्हा तिच्या वडिलांनी मला हाताने थांबवले. ते म्हणाले, "साहब, आप पढ़े-लिखे आदमी हो. तब एक बात कही, आज दूसरी कहते हो. लड़की किसको माने? निशान सरकार ने लगाया है. सरकार का आदमी आकर कहे तो मानेगी."

माझ्या शब्दावर एका दिवसात ठपका बसला. तो काढायला माझा शब्द आता पुरत नाही. हा न्यायच आहे. पण त्याची शिक्षा मला होत नसून तिला होते आहे, म्हणून मी आपल्या दाराशी आलो आहे.

रामकरण आणि केसर त्या दिवशी एकमेकांशी काही बोलले नाहीत. तो अंगणाबाहेर लिंबाखाली उभा होता.

१५. तळ्याविषयी. दि. १६ रोजी मी आणि सौ. मधुमती यांनी कमळाच्या पानांखालचे पाणी पळीने काढून बाटलीत भरले, तोंडाला मलमल बांधली, आणि दोघांनी चिठ्ठीवर सही केली. बाटली सोबत पाठवीत आहे. अळ्या आपण स्वतः पाहाव्यात, कारण यापुढे माझ्या लिहिण्यावर आपण विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्यानंतर तळ्यात तेल टाकले, दोन दिवसांनी पाणी उपसून काढले. सध्या तेथे चिखलाचा खड्डा आहे.

तो भरण्याचे काम मी रामकरणला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "खोदा मैंने था. भरना आप ही करो." बस्सीहून आल्यावर सोमवारपासून, रोज कार्यालयातून आलो की, मी टेकड्याची माती फावड्याने घमेल्यात भरून खड्ड्यात टाकतो. बारा-पंधरा घमेल्यांपुढे होत नाही. अजून एक कडाच तेवढी भरली आहे. हे आपल्या परवानगीपूर्वी सुरू केले, तेही नियमाविरुद्धच झाले. जाणारे येणारे फाटकाशी थांबतात आणि विचारतात, "साहब, तालाब क्यों भर रहे हो?" पहिल्या दिवशी मी "रिसता है" म्हणालो. म्हणजे पाझरते. चिखलात उभा राहून, हातात घमेले असताना, पुन्हा एक खोटे. दुसऱ्या दिवसापासून खरे सांगतो. लोक फार वेळ थांबत नाहीत.

आणखी एक लिहिले नाही तर हा अर्ज अपुरा राहील. उपसलेल्या तळ्याच्या एका कोपऱ्यात कमळाचे चार कंद अजून चिखलात हिरवे आहेत. काल त्यांच्याकडे पाहताना माझ्या मनात आले की आता हिवाळा येतो आहे, डास नसतील, आपला विभाग पुन्हा मासे देईल, तेव्हा तळे लहान करून ठेवता येईल का. त्याची कारणे मला ओळीने सुचत गेली, आणि सुबक इंग्रजीत सुचत गेली. इतके झाल्यावरही. म्हणून आपण बुजवण्याची केवळ परवानगी देऊ नये. बुजवण्याचा हुकूम द्यावा, आणि पुरे भरल्याचे आपल्या माणसाकडून पाहून घ्यावे.

१६. वरील सर्व लक्षात घेऊन मागणे असे आहे :

(अ) माळी रामकरण याच्या खोलीवर दि. १८ ऑगस्टला ठेवलेला ठपका आपल्या दप्तरातून रद्द करावा, तो कोणाच्या खोट्या सांगण्यावरून बसला हे माझ्या नावासकट नोंदवावे, आणि दारावरची फुली ज्यांनी मारली त्यांच्याच हातून पुसवावी.

(आ) श्री. नंदकिशोरजींना किंवा आपल्या विभागातील अन्य जबाबदार माणसाला एक दिवस बस्सीला पाठवावे. त्यांनी केसरला तिच्या माणसांसमोर सांगावे की ताप तिच्या नांदेमुळे आल्याचे सरकार मानत नाही. तीन अळ्यांविषयी ती विचारील. त्याचे उत्तर मला देता आलेले नाही. आपल्या विभागाने विचार करून द्यावे. मी बरोबर यावे असे वाटले तर येईन, येऊ नये असे वाटले तर येणार नाही.

(इ) तळे बुजवण्याचा हुकूम द्यावा.

(ई) खोटी माहिती देऊन तपासणीत अडथळा आणल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होत असेल ती करावी. माझ्या कार्यालयास कळवणे आवश्यक असल्यास कळवावे. सोबत तेथील पत्ता दिला आहे.

या चार मागण्यांपैकी वेळेअभावी एकच पुरी करता येण्यासारखी असेल, तर ती (आ) असावी. दिवाळी आठ नोव्हेंबरला आहे. त्याआधी झाले तर बरे, असे सौ. मधुमतीने लिहायला सांगितले आहे.

खाली मान घालून, आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

आपला नम्र,
उमाकांत गोविंद सोहनी
सी-स्कीम, जयपूर.
दि. २७ ऑक्टोबर १९६१

सोबत :
१) तळ्यातील पाण्याची बाटली, एक. (उभी ठेवावी.)
२) हिंदी जबाब, पाने तीन.
३) जुलैमध्ये घेतलेला तळ्याचा फोटो. परत पाठवू नये.
४) कार्यालयाचा पत्ता.

ता. क. — पाकीट बंद करण्यापूर्वी आज दुपारी मी हिंदी जबाब रामकरणला वाचून दाखवला. त्याच्याविषयी त्यात काही चुकीचे असू नये, एवढाच हेतू होता. त्याने तो दोनदा वाचायला लावला आणि विचारले, "ये कागज बस्सी में केसर के सामने पढ़ेंगे?"

मी म्हणालो, पढ़वायेंगे.

तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तो इसमें एक बात कम है. जिस दिन निशान लगा, उस दिन मैंने उसको मारा था. बोला, तेरी नांद ने इज्जत मिट्टी कर दी. पेट से थी, फिर भी मारा. वो भी लिखो."

मी त्याला सांगितले की हा आरोग्य विभागाचा विषय नाही. ते लिहिलेच पाहिजे असे नाही. तो म्हणाला, "आपने अपनी लिख दी. मेरी क्यों छोड़ते हो?"

म्हणून त्याच्या शब्दांत ते हिंदी जबाबाच्या शेवटी जोडले आहे. खाली त्याने स्वतः सही केली आहे; एकेक अक्षर सावकाश काढीत, दोनदा लेखणी शाईत बुडवून. आपला माणूस बस्सीला जाईल तेव्हा ही शेवटची ओळही त्याने वाचावी, असे रामकरणचे मागणे आहे, आणि ते मी माझ्या मागण्यांत (उ) म्हणून धरावे अशी विनंती करतो. त्या दिवशी तो अंगणाबाहेर उभा राहणार आहे. केसरने बोलावले तरच आत जाईन, म्हणतो.

उ. गो. सो.